दुसरी सोय

त्याला सगळे डबल म्हणायचे. खिशाला दोन पेनं, पिशवीत दोन छत्र्या, घराच्या किल्लीच्या तीन प्रती, आणि पँटला पट्टा असूनही आतून नाडी. नाडीची गोष्ट इस्पितळातल्या वॉर्डबॉयांनी उठवली होती. खरी-खोटी कोण जाणे, पण त्याने ती कधी नाकारली नाही.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, चादरी धुण्याच्या खोलीला लागून, जनरेटरची खोली होती. तिथे त्याने एकतीस वर्षं काढली. दर सोमवारी सकाळी गरज नसताना दहा मिनिटं जनरेटर चालवून बघायचा, बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी भुकटी ब्रशने घासून काढायची, डिझेलच्या टाकीत पट्टी बुडवायची. नव्याने लागलेल्या प्रत्येक डॉक्टरला तो सांगायचा, "वीज गेली तर घाबरायचं नाही. मनात बारा मोजायचे. तेरा म्हणायची पाळी येणार नाही." एकतीस वर्षांत ती आली नाही, हे मान्य करायला हवं. माणूस कामाला चोख होता.

देवाशी त्याचं भांडण नव्हतं; बोलणंच नव्हतं. तो विभाग बायकोकडे. ती रोज सकाळी खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची, तळहात मांडीवर उघडे ठेवायची आणि डोळे मिटून देवाशी बोलायची. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांची नावं त्यात यायची. त्याचं सगळ्यांत आधी.

"माझंही सांग गं तेवढं," चहाचा कप हातात घेऊन हा म्हणायचा.

"तुम्हाला तोंड दिलंय की त्याने."

"तू आहेस ना. एका घरातून दोघांनी कशाला त्रास द्यायचा?"

ती हसायची, आणि हा निर्धास्त कामावर जायचा. आता यातली मेख बघा. दोन छत्र्या घेऊन फिरणारा माणूस देवाच्या बाबतीत बेसावध राहील होय? समजा देव असलाच, तर तिकडेही आपलं कोणीतरी असावं, म्हणून बायको होती.

मग तिचीच फुप्फुसं आखडत गेली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. विजेवर चालणारं, दिवसभर घरघरणारं. डबलने त्याच आठवड्यात इन्व्हर्टर बसवला, मशीन त्यावर चार तास चालतं हे घड्याळ लावून मोजलं, आणि वर एक भरलेलं सिलिंडर आणून पलंगाशी उभं केलं. ती नळी सावरत म्हणाली, "अहो, मला उठून खिडकीपर्यंत जायलाही जागा ठेवली नाहीत."

"वेळ आली की कळेल."

"तुम्ही कधी एकदा तरी रिकाम्या हाताने त्याच्यापुढे उभे राहिलात? नुसतं म्हणालात, की बाबा, आता तूच?"

"देवाच्या भरवशावर मशीन चालत नाही," तो म्हणाला आणि सिलिंडरचा काटा पुसू लागला.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त बस कंडक्टर राहायचे. डबलच्या घराची तिसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. त्यांचीही छाती गेलेली, पण मशीन नव्हतं. सगळा भार सिलिंडरवर. एका दुपारी त्यांचं सिलिंडर संपत आलं आणि दुकानदाराने उद्या बारापर्यंत पाठवतो असं सांगून हात वर केले. कंडक्टरांची बायको धावत वर आली. डबलच्या बायकोने एका शब्दाने विचारलं नाही, सिलिंडर देऊन टाकलं.

संध्याकाळी डबल घरी आला, पलंगाशेजारची रिकामी जागा बघितली आणि त्याचं डोकंच फिरलं. बरं, राग नुसता रागच राहिला असता तर सकाळपर्यंत ओसरला असता. पण खाली जिन्यापाशी वीजखात्याची नोटीस लागली होती. उद्या दहा ते चार, दुरुस्तीसाठी वीज बंद. सहा तास. इन्व्हर्टर चार तास.

"दोन तासांचं काय?" त्याने विचारलं.

"वीज गेली तर गेली. त्यांना आत्ता श्वास पुरत नाहीये. माझा उद्या अडेल की नाही, हे तुम्हालाही माहीत नाही."

"आणि अडला तर?"

"मग देव बघेल. एकदा त्याला बघू तर द्या. मी काही जिवाला कंटाळलेली नाही हो. पण दुसऱ्याच्या तोंडावरून काढून आणलेलं मला नको."

सकाळी नऊला तो खाली गेला. मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट माणूस असा अवघडून उभा राहत नाही. त्याने नोटीस सांगितली, तासांचा हिशेब सांगितला, तुमचं बारापर्यंत येतंयच असंही म्हणाला. कंडक्टरांची बायको एकदा नवऱ्याकडे आणि एकदा याच्याकडे बघत राहिली.

"भाऊजी, तीनच तासांचा तर प्रश्न आहे," ती म्हणाली. "दहाला वीज गेली तरी तुमचं मशीन दोनपर्यंत चालेल ना? बाराला यांचं आलं की मीच हे वर आणून देते."

बरोबर होतं तिचं. साधी वजाबाकी होती, आणि वजाबाकीत डबल कधी चुकत नसे.

"आणि बाराला नाही आलं तर?" तो म्हणाला.

हा प्रश्न त्याने स्वतःच्या बायकोसाठी विचारला. तोच प्रश्न समोरच्या माणसासाठीही होता, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तेवढ्यात कंडक्टरांनी स्वतःच मास्क काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"न्या हो," ते दम घेत घेत म्हणाले. "बारापर्यंत... उभ्याने प्रवास करतो."

डबलही थोडं हसला. मग त्याने सिलिंडर वर नेलं, पलंगाशी उभं केलं, काटा बघितला आणि कामावर गेला. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

त्या दिवशी वीज गेलीच नाही. दुरुस्ती पुढे ढकलली म्हणे. पंखा फिरत होता, मशीन घरघरत होतं, इन्व्हर्टरचा हिरवा दिवा जागचा हलला नाही. दुकानदाराचा माणूस बाराऐवजी तीनला आला. त्याच्या तासभर आधी जनरेटरच्या खोलीसमोरच्या उतारावरून एक स्ट्रेचर आत गेलं. बरोबर कंडक्टरांची बायको धावत होती. डबल ब्रश हातात घेऊन दारात उभा होता. तिने त्याला बघितलं आणि पुढे गेली.

तिसऱ्या दिवशी कंडक्टर गेले. ते जाणारच होते, असं डॉक्टर म्हणाले. ते जाणारच होते, असं डबलने मुकादमाला सांगितलं, पानवाल्याला सांगितलं, काही न विचारणाऱ्या धोब्यालाही सांगितलं. घरी येऊन हेच बायकोला सांगायला लागला, तेव्हा तिने त्याला हाताने थांबवलं.

"आजपासून देवापुढे तुमचं नाव मी घेणार नाही," ती म्हणाली. "रागाने नाही बोलत. पण मी तुमच्या वतीने बोलतेय तोवर तुम्ही स्वतः त्याच्यापुढे जाणार नाहीत. तुमचं तुम्ही बोला."

त्याला वाटलं, चार दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. रोज सकाळी तो कप घेऊन दारात उभा राहायचा आणि कान देऊन ऐकायचा. कंडक्टरांच्या बायकोचं नाव यायचं, धोब्याच्या मुलीचं यायचं, दुकानदाराचंसुद्धा. ह्याचं नाही. छत्री विसरून बाहेर पडल्यासारखं त्याला दिवसभर होत राहायचं. पण माझं नाव का घेत नाहीस, असं विचारायचा धीर त्याला झाला नाही.

अडीच महिन्यांनी, सकाळच्या उजेडात, तो कपात चहा ओतत असताना ती गेली. वीज होती. मशीन चालू होतं. इन्व्हर्टर भरलेला, सिलिंडर भरलेलं. कुठे काही कमी पडलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्याने सिलिंडर एकेक पायरी उतरवत खाली नेलं. कंडक्टरांच्या बायकोने दार उघडलं.

"आता कशाला, भाऊजी?"

"असू दे वहिनी. कोणाला लागलं तर."

तिने सिलिंडरकडे बघितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. "तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली. "तुम्हाला एकट्याला लागेल." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीजवळच्या स्टुलावर बसला. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी तिच्यासारखेच मांडीवर उघडे ठेवले. त्याच्या वतीने बोलायला आता कोणी नव्हतं.

"कंडक्टरांच्या तोंडावरून मी काढून आणलं," तो मोठ्याने म्हणाला. "आणि वीज गेलीच नाही."

मग सवयीने मोजू लागला. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. दहा, अकरा, बारा. काही झालं नाही.

"तेरा," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.