पाळीवर मोहोळ नाही

कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे सायकलनं जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगून टाकतो. मोठा रस्ता सोडून आपण जंगलाच्या कडेनं आत शिरतो, धानाच्या बांध्या संपतात आणि समोर तलाव दिसतो. तिथं वाटेला दोन फाटे फुटतात. उजवीकडची मुरमाची वाट तलावाला मागून वळसा घालते. डावीकडची पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, गावाच्या अंगानं सरळ जाते. इतकी वर्षं आपला सगळा गट उजवीकडे वळत आला. यापुढे वळू नका. पाळीवर आग्या मोहोळ नाही. कधीच नव्हतं. ते मी सांगितलं होतं.

त्या मुरमावर ज्यांचे गुडघे फुटले त्यांची माफी मागतो. ज्यांची फक्त चेन पडली त्यांनी आपसांत समजून घ्यावं.

आम्हा पोवारांचे पूर्वज माळव्यातून इकडे आले म्हणतात. एवढ्या लांबून आले, पण त्यांनी बिनकामाचा वळसा घातला असेल असं वाटत नाही. घराण्यात तो मान माझा.

आमचा गट मोठा नाही. गोंदियाहून गाडीच्या टपावर सायकली बांधून येणारे काही, सडक अर्जुनीचे काही, आणि देवरीहून मी. कोहमाऱ्याला ट्रकवाल्यांच्या गर्दीत तर्रीपोहे खाऊन निघायचं, वाटेत लागतील तेवढे तलाव बघायचे आणि नवेगावला टपरीवर चहा पिऊन परतायचं. नशीब असेल तर बांधीत सारसाची जोडी दिसते. मग सगळे फोन काढतात आणि सारस उडून जातात. वयानं मी सगळ्यांत मोठा. चालवतो सगळ्यांच्या मागे, तरी रस्ता मलाच विचारतात, कारण सगळी नोकरी मी याच तालुक्यांत केली.

पहिल्या खेपेला त्या फाट्यावर आलो तेव्हा सगळे आपोआप डावीकडे वळायला लागले. पाळ दिसतेच तशी. दोन्ही बाजूंनी आजनाची जुनी झाडं, खाली सावली, पाण्यात कमळं. मी मागून ओरडलो, "तिकडून नको! आजनावर आग्या मोहोळ आहे. सकाळी फार भडकतात."

एवढंच बोललो. बाकीचं लोकांनी केलं. कुणीतरी फोनमधल्या नकाशावर त्या जागी लाल खूण टाकली. पुढच्या हिवाळ्यात गटातले दातांचे डॉक्टर नवख्यांना सांगत होते की त्यांच्या ओळखीच्या एकाला तिथं माशांनी असं फोडलं की बायकोनं ओळखलं नाही. मी विचारलं, "कोण हो तो?" तर म्हणाले, "अंकल, आप नहीं जानते उनको." तोंडावरून खोटं बोलतायत असं वाटतही नव्हतं. एक खोटं मी पेरलं होतं, त्याला आता दुसऱ्यांच्या वाफ्यात पाणी मिळत होतं.

खरं कारण असं की पाळीच्या पायथ्याशी माझ्या मितानचं घर आहे.

आमच्या आईचं माहेर छत्तीसगडकडचं. तिकडे दोन मित्रांना मितान बांधतात. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी, दोन्ही घरच्या माणसांसमोर, नारळ आणि तांदूळ हाती देऊन आम्हा दोघांना बांधलं तेव्हा आम्ही शाळेत होतो. मितान झाला की त्याची आई ती आपली आई, तिच्या मरणात आपणही केस काढायचे. नवं धान आलं की पहिले तांदूळ मितानच्या घरी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, त्याला कधी नावानं हाक मारायची नाही. हाक मारायची ती "मितान" अशीच. नावानं हाक मारली की बांधलेलं सुटलं. म्हणून त्याचं नाव इथंही लिहीत नाही.

सायकल आम्ही एकाच वेळी शिकलो, त्याच्या वडिलांच्या काळ्या सायकलीवर, नळीखालून पाय घालून. एक चालवायचा आणि एक धरून पळायचा. ज्याच्या वाट्याला पळणं येई तो शिव्या देई. त्या नळीमुळे मला डावीकडे कलून चालवायची खोड लागली, ती अजून आहे.

मग मला एका सरकारी कचेरीत नोकरी लागली, तो धान करत राहिला. दर वर्षी नवं धान निघालं की तांदळाची पिशवी घेऊन यायचा, आमच्या घरी जेवायचा, आईशी भांडायचा. एका वर्षी घरी न जाता तो थेट कचेरीत आला. पायाला चिखल, खांद्यावर पिशवी, आणि दारातूनच मोठ्यानं, "मितान!"

त्याच आठवड्यात पुण्याकडचे नवे साहेब रुजू झाले होते. मी त्यांच्या टेबलाशी उभा. साहेबांनी मान वर करून विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "गावाकडचा एक माणूस आहे." आणि त्याच्याकडे वळून त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. "बाहेर थांबा," म्हणालो. थांब नाही, थांबा.

त्यानं पिशवी भिंतीशी ठेवली आणि गेला. संध्याकाळी आईनं विचारलं, "मितान जेवायला का नाही आला?" मी म्हटलं, घाईत होता. तिनं त्या तांदळाची खीर केली. मी खाल्ली.

पुढच्या वर्षी तो येईल आणि मी माफी मागेन, असं ठरवून बसलो. तो आला नाही. मी जायला हवं होतं. मग त्याची माय गेल्याचं कुणाकडून तरी कळलं, तेव्हा तेरवी उलटून गेली होती. त्यानंतर कुठल्या तोंडानं जाणार? म्हणून पाळीवर मोहोळ.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटात गोंदियाच्या एका बँकेतली मुलगी आली. पायांत भारी दम आणि स्वभावानं कुणाचं न ऐकणारी. तिसऱ्याच रविवारी आम्ही मुरमावरून खडखडत नवेगावला पोचलो, तर ही टपरीवर बसून शिंगाडे सोलत होती.

"तू कुठून आलीस?" डॉक्टर घाबरून म्हणाले.

"पाळीवरून. सीधा रोड आहे ना तो."

"और मधुमक्खी?"

"कसली मधुमक्खी? एक आजोबा होते. शिंगाडे दिले. तुम्ही लोक कुठल्या जमान्यात राहता?" मग ती माझ्याकडे वळली. "काका, ते तुमचंच विचारत होते. म्हणाले, सगळ्यांच्या मागं तो लाल टोपलंवाला बुढा जाते ना, डावीकडं कलून चालवते, त्याले सांग, तिकडची वाट बेकार हाये, पडन एखाद दिवस. दर रविवारी पाळीवर बसून बघतात म्हणे आपल्याला, पाण्यापलीकडे. तुम्ही ओळखता त्यांना?"

"नाही," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा. आणि या वेळी कुणी साहेबही नव्हता.

परतीच्या वाटेवर एकच विचार डोक्यात होता. मी वळसा घालून लपत होतो आणि तो समोर बसून पाहत होता. मुरमाच्या वाटेवर झाड नाही की झुडूप नाही. लाल हेल्मेट घालून इतकी वर्षं मी तलावभर दिसत होतो!

पुढच्या रविवारी फाट्यावर मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. ती मुलगी त्या दिवशी आली नव्हती आणि बाकीच्यांना तिचं अजून खरं वाटलं नव्हतं; सवयीनं सगळे उजवीकडे गेले. मी डावीकडे वळलो. पाळ गुळगुळीत होती, खरं सांगतो, त्या अख्ख्या रस्त्यातला सगळ्यांत छान तुकडा. पण तो मला काय म्हणून हाक मारेल, एवढंच मनात होतं. नावानं मारली तर संपलं. त्याला तो हक्क मीच दिला होता.

आजनाखाली तो उकिडवा बसला होता, समोर शिंगाड्यांची टोपली. मी उतरलो. त्यानं हाकच मारली नाही.

"काऊन गा, रस्ता भुलला का?"

"नाही. सरळच आलो."

"पलीकडची वाट खराब झाली वाटते."

"ती आधीपासूनच खराब आहे."

"मंग कायले जाऊन राहिला होता तिकडून?"

आठवडाभर जुळवलेलं उत्तर आयत्या वेळी गेलं. "इथं आग्या मोहोळ आहे असं म्हणत होते."

त्यानं मान वर करून झाड नीट पाहिलं, एकेक फांदी. "कोन म्हनत होता?"

"मीच."

"हं," तो म्हणाला. "मोहोळ नाई. मीच बसून राहतो अठी."

त्याची बायको पाळीखालच्या घरातून बिनदुधाचा लाल चहा घेऊन चढून आली. माझ्याकडे पाहिलं, हसली नाही, पण कप पहिला मला दिला. चहा फुर्र करून पीत त्यानं एकदम विचारलं, "त्या सालचे तांदूळ खाल्ले का?"

"खाल्ले. आईनं खीर केली होती."

"कसे होते?"

"मऊ होते." मग मी कचेरीतलं काढलं. साहेब नवे होते, मला लाज वाटली, तुझी नाही, माझीच, असं काहीतरी. वाक्य पुरं होईना. त्यानं हात हलवला.

"थे असू दे. माय गेली तवा केस काढाचे होते तुले. थे सांग."

मी हेल्मेट काढलं. खाली माझं डोकं, धान कापून झालेल्या बांधीसारखं, कडेला चार धसकटं.

"आता काढायला काही उरलंच नाही," मी म्हणालो.

मग त्याच्या हातातला कप हलायला लागला, चहा धोतरावर सांडला आणि तो मोठ्यानं हसला. बायकोनं पदर तोंडाला लावला. पाण्यापलीकडे आमचा गट एका रांगेत मुरमावरून खडखडत चालला होता, त्यातला एक जण आम्ही पाहता पाहता पडला.

"दर इतवारी एक तरी पडते," तो म्हणाला. "इकडून पाहाले मजा येते."

मी उठलो तेव्हा त्यानं हँडलला शिंगाड्यांची पिशवी अडकवली. अजून त्यानं मला काहीच म्हटलं नव्हतं, ना नाव, ना दुसरं. मीही मागायचं नाही असं ठरवलं. हेल्मेटचा पट्टा लावून पाय टाकला, तोच तो मागून गरजला.

"पुढच्या इतवारी त्या बाजूनं दिसला तं तंगड्या तोडीन तुह्या!"

बायको त्याच्यावर खेकसली, "अवो, मितानले असं बोलतेत का कोनी?"

"मितानलेच बोलतेत," तो म्हणाला. जवळ आला, वाकला आणि अंगठ्यानं माझं मागचं चाक दाबून पाहिलं. "हवा कमी हाये. थांब."