हार्ड डिस्कसाठी घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या घरात स्वतःचा सर्व्हर आहे, ही गोष्ट मी पाहुण्यांना पाण्याच्या तांब्याआधी सांगतो. तारकर्लीत आमच्या वाडीत दुसऱ्या कुणाकडे तो नाही. (कुणाला नकोही आहे, असं माझी बायको रेश्मा म्हणते. ते सोडा.) मी कुडाळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्या जोरावर एका जुन्या कॉम्प्युटरात मी दोन हार्ड डिस्क बसवल्या. दोन्हींवर घरचे तेच फोटो, तेच व्हिडिओ. एक मेली तर दुसरी जिवंत! एवढी सोय झाल्यावर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले व्हिडिओ मी स्वतःच्या हाताने पुसले. कचरा कशाला साठवायचा?

त्या कचऱ्यात माझ्या वडिलांचं, म्हणजे दादांचं, शेवटचं दशावतारी नाटक होतं. दादा जन्मभर राक्षस झाले. गुडघ्यांनी दगा दिला त्या वर्षी जत्रेत ते शेवटचे उभे राहिले, आणि ते चित्रण आता जगात फक्त आमच्या सर्व्हरवर होतं. मी सांगतोय त्या दिवशी संध्याकाळी त्यांची जुनी नाटक कंपनी ते बघायला घरी येणार होती. दादांनी सकाळीच घोटून दाढी केली होती.

दुपारी वारा सुटला, माडाची झावळ तारांवर पडली आणि वीज गेली. मी निश्चिंत! सर्व्हर इन्व्हर्टरवर होता.

"नाय हां," रेश्मा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेची पिन मी काढलंय. फ्रीजाची लावलंय."

"अगो, कित्याक?"

"मगे? एवढी सुरमई हाडलंय, ती काय तुमच्या सर्व्हरात ठेवू?"

वीज आली, गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. अखेर आली आणि टिकली, तेव्हा सर्व्हर सुरू होईना. स्क्रीनवर एवढंच, की एक हार्ड डिस्क निकामी झाली आहे. मी चक्क हसलो. याच दिवसासाठी तर दुसरी बसवली होती! मेलेली डिस्क कुठली, हे अनुभवी माणूस बघताक्षणी ओळखतो. मी ओळखली. स्क्रू काढले, तिला उपटून टेबलावर टाकली आणि ऐटीत बटण दाबलं.

काहीच नाही. काळा पडदा!

"झाला?" दादांनी बाहेरून विचारलं.

"होतला, दादानू!"

मी केबल बदलली. फुंकर मारली. खाऱ्या हवेने टोकं गंजली असतील म्हणून ती खोडरबराने घासली. (हा उपाय मी वर्गात शिकवतो. परीक्षेतही विचारतो.) शेवटी बाहेर जाऊन सांगावंच लागलं.

"दादानू, दोनय गेल्यो."

दादा गुळगुळीत गालावरून हात फिरवत बसले. मला इतकं वाईट वाटलं, की सर्व्हर उचलून समुद्रात टाकावा आणि मागून आपणही उडी मारावी!

तेवढ्यात कंपनीचे जुने पेटीवाले आबा आले. शेजारीच राहतात, त्यामुळे नेहमीच वेळेआधी येतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाऱ्हाणा घातलास?"

"आबानू, मशीनाक गाऱ्हाणा?"

"होडयेक घालतंव, बैलाक घालतंव. मशीनान काय पाप केल्यान?"

गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. नारळ ठेवून एकाने देवाला अडचण सांगायची आणि बाकीच्यांनी दर वाक्याला हुंकार भरायचा. दादांनी ती उपटलेली डिस्क देवासमोर पाटावर ठेवली. कुंकू लावलं, जास्वंद वाहिली. मग हुकूम सोडला, "पंखो बंद कर. मिक्सर बंद. देवाक आयकाक व्हया!"

"आणि मशीन?"

"ता चालू रवांदे. तेकाय आयकांदे."

"बा देवा म्हाराजा!" दादांनी राक्षसाचा आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या घरात जो घोटाळो झालो हा, तो दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्या कोणी ह्या मशीनाचा वाटोळा केल्यान, तेका आजच्या आज उघडो पाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" (सगळ्यांत मोठ्याने मी.)

दादा दम घ्यायला थांबले. घरात एकदम शांतता. आणि त्या शांततेत ऐकू आलं, टिक... टिक... टिक...

मेलेल्या डिस्कचा आवाज! हा आवाज मी दरवर्षी वर्गात तोंडाने काढून दाखवतो. पण मेलेली डिस्क तर पाटावर होती, जास्वंद मिरवत! टिकटिक येत होती मशीनमधून. म्हणजे मशीनमध्ये होती ती मेलेली, आणि दुपारपासून मी प्रेताला खोडरबर घासत होतो! पाटावरची ही बाई ठणठणीत होती!

मी पाटावर झडप घातली.

"अरे मेल्या, नारळ तरी फोडूक दी!" आबा ओरडले.

शर्टाने कुंकू पुसलं, मेलेली काढली, जिवंत बसवली, बटण दाबलं. हिरवा दिवा! फोटो! व्हिडिओ! मी अशी आरोळी ठोकली, की दादांनाही जमली नसती.

संध्याकाळी ओटीवर कंपनी जमली आणि टीव्हीवर दादांचा राक्षस गर्जत आला. आबांची बोटं मांडीवर पेटी वाजवू लागली. दादा गुडघे विसरून उठले आणि टीव्हीतल्या दादांबरोबर शब्दन् शब्द बोलू लागले. दोन राक्षस, एक सूर! मला रडू आलं, आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही.

"मशीन सुरू झाला कसा?" कुणीतरी विचारलं.

खरं शास्त्रीय कारण सांगायचं, तर चांगली डिस्क कोणी उपटली हेही सांगावं लागलं असतं.

"देव पावलो," मी म्हणालो. रेश्माने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पानात सुरमईची तुकडी वाढली.

"दादा, माझो टीव्ही बंद पडलो हा," आबा म्हणाले. "फाल्यां येशी गाऱ्हाणा घालूक?"

दादांनी माझ्याकडे बघत विचार केला.

"माज्या झिलान तेका हात लावल्यान हा?"

"नाय."

"मगे गाऱ्हाणा कित्याक व्हया?"