दुसऱ्या सीडीतला आवाज

मामू मस्कतला नोकरीला होते. मी शाळेत असताना त्यांनी आणलेली एका इंग्रजी बँडची कॅसेट मी आणि आपा, म्हणजे माझी मोठी बहीण, रोज ऐकायचो. सगळं संगीत सिंथेसायझरचं. एका गाण्यात मात्र टिणटिण असा वेगळाच आवाज यायचा. तो कशाचा, यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

पुढे मी कॉलेजात असताना मामू रत्नागिरीला सुट्टीवर आले ते त्याच अल्बमच्या दोन सीडी घेऊन. “वीस वर्षं झाली म्हणून नव्याने काढलाय. दुसरीत तालमीची रेकॉर्डिंग आहेत,” ते म्हणाले.

आम्ही आधी दुसरीच लावली. त्या गाण्याच्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज एकटाच वाजत होता. मध्येच तो चुकला आणि कुणीतरी हसलं. आपा ताडकन उठली. सरबताच्या बाटलीत पाणी भरून तिने चमच्याने वाजवून पाहिलं, थोडं पाणी ओतून टाकलं, पुन्हा वाजवलं.

“हाच!” मी ओरडले.

“गाणं ऐकताय की भांडी वाजवताय?” मामूंनी विचारलं.

मग आम्ही मूळ गाणं लावलं आणि यंत्रांच्या त्या आवाजांत आणखी कुठे माणसाचा हात ऐकू येतो, ते शोधत बसलो.