टाळी

दोंडाईच्याला माझा पाण्याचा पंप दुरुस्त करणारा मिस्त्री माणसांशी कमीच बोलतो. नट घट्ट बसला असेल तर पंपाशी बोलतो, "चाल माय, चाल." चार वर्षांपूर्वी त्याने तंबाखू सोडली, हेसुद्धा मला शेजारच्या दुकानदाराकडून कळलं.

परवा त्याच्या बाकावर बसून मी चुना लावून तंबाखू मळली आणि भुकटी उडावी म्हणून तळहातावर टाळी मारली. पंपात डोकं घातलेला तो उठला, माझ्यासमोर आला आणि हात पुढे केला. मग स्वतःच्याच त्या हाताकडे बघतच राहिला. शेवटी तो त्याने डिझेलच्या ताटलीत बुडवला.

"खा भाऊ," तो म्हणाला, "पन टाळी नका वाजाडू. तोंड भुली गे, हातले बठ्ठं याद शे."

तोंड विसरलं, पण हाताला सगळं आठवतं म्हणे. मी मूठ मिटून घेतली. तंबाखू फेकून द्यावी म्हटलं, तर बोटं उघडेनात.