मोतीरामच्या नंबरावरचे फोटो

देऊळगाव राजात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत डॉक्टर भगवानरावांचा दवाखाना आहे. भगवानराव आता घरीच असतात, खुर्चीवर मुलगा हर्षल बसतो. एक्स-रे काढणारा रंगराव मात्र तोच आहे. आधी तो अंधाऱ्या खोलीत फिल्म धूत असे; भगवानराव बसत होते तेव्हाच संगणक आला, तेव्हापासून त्यापुढे बसून फोटो सांभाळतो. एक्स-रेला इकडे सगळे फोटोच म्हणतात.

लोकांना वाटतं, त्याचं काम हलकं झालं. "बटन दाबलं का फोटो, मजा हाये तुमची," असं कुणी ना कुणी रोज म्हणतं. रंगराव नुसता मान हलवतो, कारण समजावून सांगायचाही त्याला कंटाळा आला आहे. पूर्वी हाताला रसायनाचा वास यायचा, जेवतानासुद्धा जायचा नाही. पण फिल्म वाळली, पाकिटात घालून पेशंटच्या हाती दिली, की काम संपलं. पुढे ती घरी पत्र्याखाली खोचली काय, उंदरानं कुरतडली काय, ज्याची त्याला काळजी. आता फोटो कुणाच्या घरी जात नाही. सगळे रंगरावाकडेच मुक्कामाला असतात. लाईट गेली, बॅटरी बसली, डिस्क भरली, की घाम त्यालाच फुटतो. घरी गेल्यावरही लोकांचे फोन येतात. "दवाखान्यातून आलात का दवाखाना घेऊन आलात?" असं बायकोनं एकदा विचारलं. तेव्हापासून तो उंबऱ्यातच फोनचा आवाज बंद करतो आणि कोनाड्यात ठेवून देतो.

सोयाबीनची सोंगणी चालू होती तेव्हाची गोष्ट. साखरखेर्ड्याहून तानाबाई अंभोरे आली. खोकला जात नव्हता. मोतीरामच्या ऑटोतून एकटीच आली होती. मोतीराम त्या गावचे पेशंट आणतो आणि सगळे त्याचाच मोबाईल नंबर देतात, कारण रिपोर्ट उघडून दाखवणारा तोच. "माह्या मोबाईलात अर्ध्या गावाच्या बरगड्या हायेत," असं तो ऑटोत मोठ्यानं सांगत असतो.

हर्षलनं फोटो पाहिला. उजव्या बाजूला वर एक डाग होता.

"ताई, याआधी छातीचा फोटो काढला होता का?"

"हाव. इथंच. सासऱ्याले टीबी झाला व्हता तव्हा मोठ्या डॉक्टरनं आम्हा दोघी जावांचे काढले व्हते. मी आन् धम्मशीला."

"रंगरावकाका, जुना फोटो काढा. डाग तेव्हापासूनचा असेल तर खोकल्याचं औषध देऊन घरी पाठवू. नवा असेल तर थुंकी तपासावी लागेल, जालन्याला सीटी स्कॅन करावा लागेल."

तानाबाईचा चेहरा उतरला. "जालन्याले नका धाडू बाप्पा. माह्या पोरीचं, पूनमचं लगीन जमत आलंय. टीबीचा नुसता वास आला तरी पाहुणे उठून जातीन."

रंगरावानं अंभोरे, साखरखेर्डा असं शोधलं. नोंद एकच होती. 'सौ. अंभोरे', नंबर मोतीरामचा. आत मात्र एकाच दिवशी काढलेले दोन फोटो. एक स्वच्छ, दुसऱ्यात उजवीकडे वर डाग.

हे कसं झालं ते त्याला लगेच कळलं. तेव्हा नावं सांगायला दोघींचे नवरे उभे होते. बायकोचं नाव कसं घ्यायचं, म्हणून पहिला म्हणाला, "लिहा, आमच्या घरातली." दुसऱ्यानंही तेच सांगितलं. काउंटरवर गर्दी होती, रंगरावानं दोन्हीकडे 'सौ. अंभोरे' लिहून टाकलं. पुढे एका उन्हाळ्यात डिस्क भरत आली, म्हणून तो दुहेरी नोंदी एकत्र करायला बसला. सॉफ्टवेअर विचारत होतं: नाव तेच, गाव तेच, नंबर तोच, ही एकच व्यक्ती आहे का? कूलर बंद, डोळे चुरचुरत होते. रंगराव 'होय' दाबत गेला. त्या दुपारी त्यानं दोन जावांची एक बाई करून टाकली.

त्यानं हर्षलला सगळं सांगितलं. हर्षलनं कपाळाला हात लावला. "म्हणजे यातला एक यांचा, एक जावेचा. जाऊबाई कुठं असतात?"

"पुण्याला. बांधकामावर," तानाबाई म्हणाली. मग खुर्चीतून पुढे वाकली. "त्यात काय पाहाचं? डागवाला माहाच हाये. मोठे डॉक्टर म्हनले व्हते, जुना डाग हाये, काही होत नाही."

"नक्की?"

"मले माहा माहीत नसंन?"

रंगरावाला एकदम हलकं वाटलं. डाग जुना, बाई घरी, त्याची चूक तिथल्या तिथे मिटली. बाहेर मोतीराम हॉर्न वाजवत होता. "रंगरावसाहेब, माही सवारी सोडता का डांबून ठेवता?"

हर्षल मात्र उठला नाही. त्यानं आजचा फोटो मध्ये घेतला आणि जुने दोन दोन्ही बाजूंना लावले. बराच वेळ पाहत बसला.

"ताई, लहानपणी खांद्यापाशी हाड मोडलं होतं का?"

तानाबाईचा हात आपोआप उजव्या खांद्याशी गेला. "म्हशीवरून पडले व्हते."

हर्षलनं बोट ठेवलं. आजच्या फोटोत गळ्यापासून उजव्या खांद्याकडे जाणारं हाड वाकडं जुळलेलं होतं. स्वच्छ फोटोतही तसंच. डागवाल्यात हाड सरळ होतं. रंगरावानं मान खाली घातली. त्यालाही दिसलं.

मग तानाबाई पदर तोंडाशी घेऊन म्हणाली, "डागवाला धम्मशीलाचा. मले म्हाईत व्हतं."

"काऊन खोटं बोलता मग?" रंगरावाचा आवाज चढला. नेमका कुणावर, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"तुमच्या घरी उपवर पोरगी असती त मंग समजलं असतं, भाऊ."

हर्षलनं तिला शांतपणे समजावलं. टीबी असला तर औषधानं बरा होतो, थुंकीची तपासणी इथल्याच सरकारी दवाखान्यात होते, औषध फुकट मिळतं. दुसरं काही असलं तर सीटीत दिसेल, आणि ते लवकर दिसलेलं बरं. पूनमच्या लग्नात आई उभी राहायला पाहिजे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जाईन. पन रिपोर्ट मोतीरामच्या मोबाईलवर नका धाडू. तो सगळ्या ऑटोले दाखवते."

"मग कोणाचा नंबर लिहू?"

"माह्याजवळ कुठं हाये मोबाईल? नवऱ्याचा साधा हाये, त्यात फोटो येत नाही."

हर्षल पुढच्या पेशंटकडे वळला. रंगरावानं नवी नोंद उघडली. नावाच्या जागी त्यानं 'तानाबाई सहदेव अंभोरे' असं पूर्ण लिहिलं. स्वच्छ फोटो त्यात हलवला, आजचा खाली जोडला. राहिलेल्या नोंदीला धम्मशीलेचं नाव घातलं. मोबाईलच्या चौकटीपाशी तो थांबला. ती रिकामी ठेवून सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. त्यानं डोळे चोळले आणि स्वतःचा नंबर घातला.

"सरकारी दवाखान्यात आणि जालन्यालाही हाच नंबर सांगा," त्यानं तो चिठ्ठीवर लिहून दिला. "तुमच्या नवऱ्याचा नंबर सांगून ठेवा, काही आलं तर मी त्यावर कळवतो. दुसऱ्या कुणाला नाही."

तिनं चिठ्ठी पदरात बांधली. बाहेर मोतीराम विचारत होता, "काय निंगलं?" ती म्हणाली, "खोकला हाये. गाडी चालव."

रंगराव तसाच बसून राहिला. 'सौ.' लावलेल्या अशा किती नोंदी आत असतील आणि त्यातल्या किती त्यानं एकत्र करून ठेवल्या असतील, याचा अंदाज घ्यायचंही त्याच्यात त्राण नव्हतं. तरी त्यानं शोधाच्या जागी 'सौ.' टाकलं आणि पहिली नोंद उघडली.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं फोन कोनाड्यात ठेवला. आवाज मात्र बंद केला नाही.