बाजाराच्या दिवशी एक पुडी

डॉ. विमल बाऱ्हाळीकर यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी दुसरीत होते. वडील मुखेडच्या त्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. बाईंनी (सगळा तालुका त्यांना बाईच म्हणतो) माझ्या गालावरचा पांढरट डाग पाहिला आणि विचारले, "कधीपासून आहे गं हा?" मी म्हणाले, "माहीत नाही." त्या वडिलांना म्हणाल्या, "वामनराव, पोरगी बरी आहे तुमची. माहीत नसलं तर तसं सांगते." ते कौतुक होते की पुढच्या आयुष्यासाठी ताकीद, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

माझे पहिले शिक्षण घरातच झाले. वडील खडूची पूड देऊन मला पुड्या बांधायला लावत. चिठ्ठी तीनदा वाचायची, औषध काढताना, भरताना आणि देताना, हे मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. पुढे नांदेडला औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतली आणि वडील निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खुर्चीत बसले.

बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी समितीने मला त्यांच्या कार्यपद्धतीवर लिहायला सांगितले. तीनदा लिहिले, तीनदा फाडले. एक प्रसंग वगळला तर लेख खोटा होत होता आणि घातला तर गौरवग्रंथात शोभेल की नाही, ही धास्ती. शेवटी बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "ते घालणार नसशील तर बाकीचंही लिहू नकोस."

म्हणून लिहिते.

बाईंकडे येणाऱ्या बायकांमध्ये केस गळण्याची तक्रार फार. बऱ्याच जणी गळलेले केस कॅरीबॅगमध्ये गुंडाळून घेऊन येतात. बाई ती पिशवी कधीच बाजूला सारत नाहीत. उघडतात, केस हातात घेऊन मुळे पाहतात, मग प्रश्न सुरू होतात. दोन-तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता का? बाळंतपण? जेवण काय, झोप किती? रक्त कमी आहे का, थायरॉइड तपासले का?

एकदा लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या एका मुलीला तिची आई घेऊन आली. मुलगी दिवसभर अभ्यासिकेत बसणारी. रक्तात ड जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. आई म्हणाली, "मोबाईलवर आलंच होतं बाई, त्यानंच केस जातात म्हणून." बाई म्हणाल्या, "कमी आहे ते भरून काढू, हाडांना ते लागतंच. पण केस त्यानंच गेले, असं मी म्हणणार नाही. केस जाणाऱ्यांत ते कमी सापडतं खरं. पण दोघं एका एसटीत बसलेले दिसले म्हणून एका घरचे ठरत नाहीत."

आई नाराज होऊन गेली. तिला कारण हवे होते आणि बाईंनी शंका दिली. अशा नाराज होऊन गेलेल्या माणसांची मला रात्रंदिवस काळजी वाटते. बाईंना वाटत नाही, असे नाही. पण त्या वाक्य बदलत नाहीत.

शेतात राबणाऱ्या बायकांना तर ड जीवनसत्त्व कमी असल्याचे निदान पटतच नसे. एक जण म्हणाली, "उन्हानं जळून चाललो आम्ही, अन् तुम्ही म्हंता ऊन कमी पडलं!"

"उन्हात असता, पण अंगाला कुठं लागू देता? लुगड्यावर शर्ट, डोक्याला टॉवेल, तोंडाला रुमाल."

"मंग काय उघडं फिरू?"

दवाखाना हसला. सर्वांत जास्त बाई हसल्या.

ड जीवनसत्त्वाची पुडी मोठ्या ताकदीची असते, आठवड्याला एकच घ्यायची. 'आठवड्यातून एकदा' हे लोकांच्या लक्षात राहत नाही, असे बाईंना फार पूर्वी कळले होते. म्हणून त्यांनी आपली रीत काढली. बाजार आठवड्यातून एकदाच भरतो आणि तो दिवस कोणी विसरत नाही. तेव्हा पाकिटावर लिहायचे, 'बाजाराच्या दिवशी एक'. वडिलांनी वर्षानुवर्षे तेच लिहिले. मीही लिहीत गेले.

दोन वर्षांपूर्वी सुभद्राबाई आल्या. त्या बाजारात कंगवे, पिना आणि वेणीत घालायच्या खोट्या केसांची गंगावणे विकतात. डोक्यावरचा पदर काढून म्हणाल्या, "बघा. लोक म्हणून राहिले, हिनं सोताचेच केस इकायला काढले." बाईंनी तपासले. अडीच महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला होता. ड जीवनसत्त्वही कमी होते. आठ पुड्या दिल्या. पाकिटावर मी लिहिले, 'बाजाराच्या दिवशी एक'. तीनदा वाचले. तोंडीही तेच सांगितले.

दहाव्या दिवशी त्या पुन्हा हजर. "पोरी, पुड्या सरल्या. अजून दे."

"आठही?"

"हाव. तूच म्हनलीस ना, बाजाराच्या दिशी. सोमवारी मुखेडकडं, मंगळवारी जळकोटकडं, बुधवारी अजून कुठं. मला तर रोजच बाजार हाय."

मी रिकामे पाकीट मागून घेतले. त्या बाजारकरीण आहेत, हे मला माहीत होते. त्यांच्याकडून मी स्वतः पिना घेतल्या होत्या. त्यांना मळमळत होते, तहानही फार लागत होती.

आता लिहायला सर्वांत अवघड ते. बाईंना सांगायच्या आधी मी रजिस्टर उघडले. दहा दिवसांपूर्वीच्या नोंदीत सुभद्राबाईंच्या नावापुढे 'आठवड्यातून एकदा, असे समजावले' इतकेच लिहायचे होते. पेन टेकवले होते. बाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, कळले नाही. त्यांनी सुभद्राबाईंकडे पाहिले, पाकिटाकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "लिही. पण आजची तारीख घालून लिही. आणि जे आज घडलं तेच."

मी लिहिले. अक्षर वाकडे आले आहे. ते पान मी अजून अधूनमधून काढून पाहते.

बाईंनी पुड्या थांबवल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितले आणि ड जीवनसत्त्व जास्त झाले की रक्तातले कॅल्शियम चढते, म्हणून ते तपासायला रक्त नांदेडला पाठवले. मूत्रपिंडाला इजा झाली असेल तर? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी घास गिळला नाही. वडील समजूत घालत होते, "आपण तीनदा वाचत होतो, ते आपल्याच डोळ्यांनी. घेणाऱ्याच्या नाही." रिपोर्ट आला. कॅल्शियम थोडे चढलेले होते, धोक्याचे नव्हते.

फोनवर सांगता आले असते. पण बाई मला घेऊन एसटीने जळकोटच्या बाजारात गेल्या. भर गर्दीत सुभद्राबाईंच्या पोत्यावर मांडी घालून बसल्या आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "चूक आमची झाली. रीत माझी होती, या पोरीची नाही. मी तुम्हाला तुमचा धंदा विचारायला पाहिजे होता."

सुभद्राबाई गडबडल्या. "लई मनाला लावून घेता बाई. कंगवा घ्या एक."

बाईंनी कंगवा घेतला. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासले, कॅल्शियम उतरले होते.

तेव्हापासून आम्ही पाकिटावर वार लिहितो आणि रुग्णाने आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय पुडी हातात देत नाही. पुढे काही महिन्यांनी सुभद्राबाईंचे केस बऱ्यापैकी आले. त्या बाजारभर सांगतात, पुड्यांनीच आले. बाई म्हणतात, "तापानंतर गेलेले केस बहुतेक आपले आपणच येतात. पुडीचा हात असेल, नसेलही. मला माहीत नाही." पन्नासएक वर्षे दवाखाना चालवून ज्यांना हे तीन शब्द इतक्या सहज म्हणता येतात, त्यांच्यापुढे माझ्यासारखी घाबरट मुलगीही थोडी निर्धास्त होते. फार नाही, थोडीच.

गेल्या महिन्यात बाईंचे स्वतःचे रक्त तपासले. दिवसभर त्या आतल्या खोलीत, ऊन दारापर्यंतच येते. ड जीवनसत्त्व कमी निघाले. केस मात्र शाबूत आहेत, याचा त्यांना केवढा आनंद! त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असे सगळेच लिहितील आणि मनापासून लिहितील. मला नुसते लिहून चैन पडत नाही. मी त्यांच्या पाकिटावर वार घातला आणि म्हणाले, "आता परत सांगा, बाई."

"मला पण?"

"तुम्हाला पण."

बाईंनी चष्मा काढला आणि दुसरीतल्या मुलीसारख्या म्हणाल्या, "रविवारी एक. दुसरी पुढच्या रविवारी."

असे पुष्कळ रविवार त्यांना मिळोत. मी दर रविवारी विचारायला येणारच आहे.