ताईची पायवाट आणि एकेचाळीस ओंडके

माझी ताई वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मोटारसायकल घेऊन जंगलात जायला लागली, ही बातमी मला बायकोने दिली. मी तेव्हा दाढी करत होतो. त्या बातमीची खूण माझ्या डाव्या गालावर अजून आहे.

"वन्सं चिखलात पडल्या म्हणे," बायको म्हणाली.

"कुठे? मोरीत घसरली का?"

"नाही हो. टेकडीवर. मोटारसायकलवरून."

मी अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून ताईच्या दुकानात पळालो.

ताई शिवणकाम करते. तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक मशीन, कापायचं एक टेबल, खिळ्यांना टांगलेले तयार कपडे आणि पडद्यामागे माप द्यायची एवढीशी जागा. तिथे जाड माणसाला वळायचं झालं तर बाहेर येऊन वळावं लागतं. ताईच्या गळ्यात कायम मापाची टेप असते. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळ्या बायकांच्या गळ्यात दागिने आहेत, ताईच्या गळ्यात दागिना आणि टेप आहे. दुकानाच्या पुढच्या खिडकीत भाऊजी डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करतात. जगात कुठेही काहीही कोसळलं तरी भाऊजींचा चिमटा हलत नाही.

"ये गुंडी," ताई म्हणाली. चार वर्षांचा असताना मी तिच्या डब्यातली एक गुंडी गिळली होती. त्यानंतर माझं बारशाचं नाव तिने एकदाही घेतलेलं नाही. "तोंडाला काय फासलंयस?"

"माझं सोड! तू मोटारसायकलवरून पडलीस?"

"तीनदा," ताई म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता, जणू तीन बक्षिसं मिळाली असावीत.

मी भाऊजींकडे वळलो. "भाऊजी, तुम्ही काही बोला ना!"

"चिखल धुतला की जातो," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी एक बारीक चाक उचललं.

झालं होतं असं. गावातले दाताचे डॉक्टर दर महिन्याला एकच पँट शिवून घ्यायला आणत. दर वेळी दोन्ही गुडघे फाटलेले. ताईने दोनदा शिवली, तिसऱ्यांदा कात्री खाली ठेवली.

"डॉक्टर, दात लोकांचे काढता आणि गुडघे स्वतःचे फोडता? जाता तरी कुठे?"

डॉक्टर लाजत म्हणाले, "जंगलात. मोटारसायकल घेऊन. तुम्हाला बघायचं असेल तर रविवारी या."

आपल्या शिलाईला असा दर महिन्याला मार कुठे बसतो, हे बघायला ताई गेली. परत आली तेव्हा तिला शिलाईची आठवणही नव्हती. पुढच्या महिन्यात तिच्याकडे जुनी, उंच, हलकी मोटारसायकल होती आणि स्वतःच शिवलेली, गुडघ्याला चार पदरी कापड लावलेली पँट होती. ती पँट अकरा वर्षांत फाटली नाही. डॉक्टरांनीही मग तसलीच शिवून घेतली.

दुसरा धक्का मला प्रत्यक्ष जंगलात बसला. एका रविवारी ताईने मला चहाचा थर्मास सांभाळायला नेलं. माझी समजूत अशी, की ही माणसं धूर काढत, ओरडत डोंगर चढत-उतरत असणार. तर तासभर गाडी आणि पाच तास हमाली! मंडळी सात. सगळी पन्नाशीच्या आसपासची. कोणी वाटेवरचे निसटलेले दगड परत बसवतंय, कोणी वाटेवर तिरका चर खणून पाण्याला बाजूला काढतंय, नाहीतर पाणी वाटेवरूनच धावतं आणि वाटेचा ओढा होतो. आडवं पडलेलं झाड असेल, तर दोघांनी ओढायची लांब करवत घेऊन ताई आणि आमच्या गावचा बेकरीवाला समोरासमोर बसणार आणि झाडाचा मधला तुकडा कापून बाजूला काढणार.

"वळसा घालून गेलं तर काय बिघडतं?" मी थर्मास कुरवाळत विचारलं.

सातही जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथेच दुसरी गुंडी गिळली असती.

"एकाने वळसा घातला की दुसरी वाट पडते," ताई म्हणाली. "मग तिसरी. महिन्याभरात जंगल उसवतं. एक वाट, तीही अरुंद. एवढंच आपलं."

अरुंद म्हणजे किती, हे वनखात्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. कापलेल्या ओंडक्यांमधली फट छत्तीस इंच. मोटारसायकलचं हॅन्डल बत्तीस इंच, म्हणजे ते जेमतेम निघतं. त्याहून रुंद फट ठेवली की लाकूडचोरांच्या छोट्या चारचाकी आत शिरतात. पूर्वी शिरल्याही होत्या. म्हणून रेंजरसाहेब दर वर्षी एकदा येऊन फटी मोजत. तीनपेक्षा जास्त ठिकाणी माप जास्त भरलं, तर पायवाट मोटारसायकलींना सहा महिने बंद. म्हणजे त्या वर्षीचा हंगाम संपलाच.

या छत्तीस इंचांसाठी मंडळींनी एक काठी करून ठेवली होती. झाडावर खडूच्या खुणा करण्याआधी ती धरायची, कापून झाल्यावर फटीत बसवून बघायची. तिला सगळे 'सासूबाई' म्हणत, कारण ती अर्धा इंचही माफ करत नसे. सासूबाईंना हात लावायचा मान दाताच्या डॉक्टरांचा. खुणा ते करत. ताई फक्त कापत असे.

हे सगळं अकरा वर्षं सुरळीत चाललं, आणि मग दोन गोष्टी एकदम घडल्या.

पहिली, ताईचा गुडघा. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, "हा एक हंगाम चालवा. मग गुडघा बदलायचा. त्यानंतर जंगलात चालवता येईल की नाही, ते मी आज सांगणार नाही." ताई अठ्ठावन्न वर्षांची. दुकानात येऊन तिने मशीनची वादी बसवली आणि म्हणाली, "एक हंगाम आहे, गुंडी. बक्कळ आहे." पण त्या दिवशी तिने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुसरी, वादळ. तपासणीला महिना उरलेला आणि पायवाटेवर एकेचाळीस झाडं आडवी. त्यातच दाताचे डॉक्टर पहिल्याच रविवारी पडले आणि त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्यांना गाडीत घालून नेलं, तेव्हा सासूबाईही त्याच गाडीतून गेल्या आणि त्यांच्या घरी दाराआड उभ्या राहिल्या.

"खुणा कोण करणार?" बेकरीवाल्याने विचारलं.

"मी," ताई म्हणाली. "काठी कशाला हवी? चाळीस वर्षं टेप गळ्यात आहे. माझं माप कधी चुकलंय?"

ते खरंच होतं. आमच्या गावात नवऱ्याच्या पोटाचा घेर बायकोला माहीत नसतो, ताईला असतो. तिने टेप लावली, शिंप्याच्या खडूने दोन सरळ रेघा मारल्या, की बाकीच्यांनी डोळे मिटून करवत चालवायची. चार रविवारांत एकेचाळीस झाडं! मधले तुकडे बाजूला नीट रचून ठेवले. जाता जाता बेकरीवाला एकदाच म्हणाला, "ताई, यंदा वाट जरा सैल वाटते."

"तू बारीक झालायस," ताई म्हणाली. बेकरीवाला आठवडाभर खुशीत होता.

तपासणीच्या सकाळी आम्ही सगळे पहिल्या ओंडक्यापाशी जमलो. रेंजरसाहेब वहीपेन घेऊन आले. दाताचे डॉक्टर एक हात गळ्यात बांधून आणि दुसऱ्या हातात सासूबाई घेऊन आले. रिवाज असा, की आधी काठी बसवायची, मग साहेबांनी टेप लावायची. डॉक्टरांनी काठी फटीत आडवी धरली, ऐटीत मागे सरकले आणि हात सोडला.

सासूबाई धपकन खाली पडल्या.

डॉक्टरांनी काठी उचलली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. पुन्हा धप्प.

"काठी आखडली असेल," बेकरीवाला पुटपुटला.

रेंजरसाहेबांनी टेप लावली. "चाळीस."

दुसऱ्या ओंडक्याला चाळीस. तिसऱ्याला चाळीस. चौथ्यालाही चाळीस. आता साहेबांच्याही चेहऱ्याचा रंग उडाला. "चुकलं तर कुठे अडतीस, कुठे त्रेचाळीस भरायला हवं," ते म्हणाले. "हे तर सगळीकडे बरोब्बर चाळीस! असं चुकतं तरी कसं माणूस?"

मी ताईकडे पाहिलं. तिचा हात गळ्यातल्या टेपवर गेला होता.

"मार्जिन," ती म्हणाली.

"काय?"

"शिलाईचं मार्जिन. या बाजूला दोन इंच, त्या बाजूला दोन इंच. मी छत्तीसच मोजले हो! पण रेघ मारताना हात बाहेर सरकला. चाळीस वर्षं सरकतोय, मला कळतसुद्धा नाही. कापड शिवलं की ते चार इंच आत जातात." तिने ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर हात ठेवला. "इथे कोण शिवणार?"

एकेचाळीस झाडं, चार रविवार, मोडकं हाड, सुजलेला गुडघा, आणि सगळं कशाने गेलं, तर सवयीने!

रेंजरसाहेबांचा गणवेश ताईच शिवते. ते घसा खाकरून, टेपकडे बघत म्हणाले, "ताई, माझी ही टेप फार जुनी आहे. गंज चढलाय. दोन-चार इंच इकडेतिकडे दाखवत असेल. छत्तीस लिहितो मी."

बेकरीवाल्याने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला, की पाखरं उडाली. मीही मनातल्या मनात साहेबांच्या टोपीला नमस्कार केला. एकच हंगाम आहे बाईकडे. लिहा, साहेब, लिहा!

"साहेब," ताई म्हणाली, "तुमच्या पँटच्या कमरेला मी चार इंच इकडेतिकडे केले, तर साहेबी टिकेल का?"

"अहो ताई, पण तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा आहे. वाट माझी एकटीची नाही. उद्या चोरांची गाडी आत आली, तर ती माझ्या मार्जिनमधून येणार. लिहा चाळीस."

"ताई, वेडी झालीस का?" मी ओरडलो.

"गुंडी, थर्मास सांभाळ."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे, आणि लिहिलं. सहा महिने बंद. अकरा वर्षं जी वाट तिने उघडी ठेवली, ती तिनेच बंद करवली. परतीच्या वाटेवर सगळ्या मोटारसायकली ढकलत नेल्या, कारण आता चालवणं नियमाबाहेर होतं. ताई सगळ्यात मागे, लंगडत. तिची गाडी मी ढकलायला घेतली आणि पन्नास पावलांत मलाच तिच्यावर आडवं व्हावं लागलं.

संध्याकाळी मी दुकानात गेलो, तिचं सांत्वन करावं म्हणून. तयारीने गेलो होतो, चार वाक्यं पाठ केली होती. ताई टेबलावर कागद पसरून काहीतरी आखत होती.

"सैल झालेला कपडा कोणी फेकतं का?" तिने विचारलं. "आत घ्यायचा. प्रत्येक ओंडक्याचा मधला तुकडा तिथेच पडलाय. त्याच्या दोन-दोन इंच जाडीच्या चकत्या काढायच्या आणि दोन्ही तोंडांना ठोकायच्या. मात्र त्या ओंडक्याची चकती त्याच ओंडक्याला. ठिगळ त्याच ताग्यातलं हवं."

"ब्याऐंशी चकत्या?"

"ब्याऐंशी. आणि सहा महिने वाट बंदच आहे, तर गुडघाही आत्ताच उरकून घेते. दोघं एकदमच उघडू."

ज्या ऑपरेशनच्या नावाने ती इतके दिवस तोंड फिरवत होती, त्याची हंगामानंतरची तारीख तिने त्याच संध्याकाळी फोन करून अलीकडे ओढली. माझी चार वाक्यं मी तशीच घरी परत आणली. भाऊजींनी भिंग काढून पुसलं. एवढा उत्साह त्यांनी दाखवलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दोन महिने मंडळी पायी जंगलात जात होती. ताई घडीचं स्टूल टाकून ओंडक्यासमोर बसायची. खुणा आता दाताचे डॉक्टर करत, सासूबाई धरून. ताईच्या गळ्यात टेप नव्हती. ती नसलेला गळा बघून मला पहिल्यांदा जरा भरून आलं, आणि ते लपवायला मी सगळ्यांना चहा दोनदा ओतला.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्याच्या खोलीत आम्ही दाटीवाटीने उभे होतो. रेंजरसाहेब वही घेऊन आले. "कागदावर सहा महिने पूर्ण व्हावे लागतील," ते म्हणाले, "पण काल दाताच्या डॉक्टरांबरोबर जाऊन माप घेऊन आलो."

ताई उशीवरून अर्धी उठली. "किती?"

"छत्तीस. एकेचाळीसही ठिकाणी."

"सासूबाई बसल्या?"

"घट्ट!" दाताचे डॉक्टर म्हणाले. "ओढून काढायला दोघं लागलो."

ताईने डोळे मिटले. इतक्यात हाडांचे डॉक्टर आले, तिच्या गुडघ्यावर झुकले आणि पेनाने एक रेघ मारली. ताईने झटकन डोळे उघडून त्यांचं मनगट धरलं.

"डॉक्टर, रेघ बरोबर आहे. पण कापाल ते रेघेवरच कापा. मार्जिन सोडू नका."

डॉक्टर हबकून आमच्याकडे बघू लागले. कोपऱ्यातल्या स्टुलावरून भाऊजी शांतपणे म्हणाले, "ऐका तिचं. अनुभवाने सांगतेय."